पिवळ्या इंजिनाची स्प्रिंग

माझ्या मुलीनं इंजिनिअरिंगला मेकॅनिकल शाखा घेतली, तेव्हा मी डोक्यात राख घालून घेतली होती. मी स्वतः आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा निदेशक. उभा जन्म ऑइलात गेलेला. नखातला काळेपणा दिवाळीच्या उटण्यानंही निघत नाही, तो पोरीच्या नशिबी कशाला, असं माझं म्हणणं. तिनं कॉम्प्युटर घ्यावं, पंख्याखाली बसावं. पण हे असं नीट सांगायचं सोडून मी भर जेवणावर म्हणालो, "पोरींचं काम न्हाय ते." ती ताटावरून उठली नाही, रडलीही नाही. तिला जे घ्यायचं होतं तेच घेतलं आणि धाराशिवच्या हॉस्टेलवर राहायला गेली.

त्यानंतर दोन वर्षं ती माझ्याशी सगळं बोलायची, फक्त अभ्यासाचं सोडून. तब्येत विचारायची, म्हशीचं विचारायची. पेपर कसे गेले हे मला बायकोकडून कळायचं. मीही ताठच. बायकोला म्हणायचो, "मला कशाला सांगतीस? मला काय कळतंय त्यातलं?" आणि मग दाराआड उभा राहून सगळं ऐकायचो.

म्हणून यंदा पावसानं उघडीप दिली त्या आठवड्यात तिचा फोन आला आणि ती म्हणाली, "पप्पा, इंजिनाचं एक विचारायचं होतं," तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला. ईटमध्ये, आमच्या गावात, घरामागं माझी पत्र्याची शेड आहे. सुट्टीच्या दिवशी आसपासचे लोक फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, कोळपणीचे छोटे पॉवर विडर घेऊन येतात. तिथंच बसून मी तिचं म्हणणं ऐकलं. त्यांच्या कॉलेजातली दहा-बारा पोरं मिळून गो-कार्ट बनवत होती. गो-कार्ट म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच, पाइपांचा सांगाडा असलेली एका माणसापुरती चारचाकी. सीटच्या अगदी शेजारी छोटं पेट्रोल इंजिन. अस्सल जपानी इंजिन त्यांच्या वर्गणीत बसत नव्हतं. म्हणून त्याचीच नक्कल करून काढलेली जी स्वस्त इंजिनं बाजारात मिळतात, ज्यांना आमच्याकडं सरसकट चायना इंजिन म्हणतात, त्यातलं एक घ्यायचं होतं. यादीत तीन होती.

"तुम्ही तिन्ही चालवून बघितली असतील ना?" तिनं विचारलं.

मी फक्त एक चालवलं होतं. पण तोंडातून गेलं, "मग? हातातली आहेत माझ्या. आठवड्यात सांगतो कोणतं घ्यायचं ते. आणि आणूनच ठेवतो."

"आणि पप्पा, आमच्या नियमात आहे, इंजिन कंपनीतून आलंय तसंच पाहिजे. त्यात काही बदलायचं नाही."

"अगं, तू मला शिकवतीस व्हय?" मी म्हणालो. दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "चालवणार कोण ते इचारलं का? तिच्या मैत्रिणीनं सांगितलंय मला. सगळ्यात हलकी हीच हाय म्हणून हिलाच बसवणार हायत त्यात."

ते मी विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी मला कुणी काहीही सांगितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

तिन्हींतलं लाल इंजिन माझ्याच विडरवर होतं, दोन हंगाम चाललेलं. उरलेली दोन, एक काळं आणि एक पिवळं, येरमाळ्याला हायवेवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून आणली. ठरलं असं की आवडेल ते ठेवायचं, दुसरं परत द्यायचं. त्यानं खोक्यातून काढतानाच पिवळ्याकडं बघून नाक मुरडलं. "सर, काळं न्या. पिवळं खपतच न्हाय." मला दुकानदारांच्या शिफारशीची जन्मजात चीड आहे, त्यामुळं पिवळ्याला तिथंच एक मत पडलं.

तिन्ही एकाच जपानी इंजिनाची पिल्लं. शेजारी ठेवली तर टाकीचा रंग सोडून फरक दिसायचा नाही. पण नकलेतही कुणाचं अक्षर बरं असतं, कुणाचं गचाळ. लाल इंजिन एका ओढीत चालू होतं, हा त्याचा एकच गुण. कार्बोरेटर सदा ओला, आणि तासभर धरलं की हाताला मुंग्या येतात, त्या जेवेपर्यंत जात नाहीत. बोल्ट इतके मऊ की पाना जरा जोरात दाबला तर टोपी हातात येते. काळं दिसायला देखणं. ओढ जबर. पण अर्धा तास चालवून त्याचं ऑइल थाळीत काढलं तर त्यात रांगोळीतल्यासारखी चमकी. नव्या इंजिनात थोडी असतेच, पण इतकी म्हणजे आत काहीतरी एकमेकांना खात होतं. पिवळं दिसायला बावळट. दोरी तीनदा ओढावी लागायची. पण शाफ्ट धरून हलवला तर जराही खेळ नाही, ऑइल स्वच्छ, आवाज घुमा, आणि बाटलीवर खूण करून ओतलेल्या तेवढ्याच पेट्रोलात ते दोन तासं जास्त चाललं. तासं म्हणजे आमच्या रानातल्या पिकाच्या ओळी. कारण परीक्षा मी रानातच घेतली. एकच विडर, त्यावर आळीपाळीनं तिन्ही इंजिनं, आणि खाली आमचं काळं, ओलं, चिकट रान.

त्या भरात तीन-चार तासं सोयाबीन उपटून निघालं. बायको बांधावर उभी राहून म्हणाली, "इंजिन बघायलात का रान मोडायलात?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी आनंदात होतो. दोन वर्षांत इतका कधी नव्हतो.

आता जे सांगायचं ते सांगताना मला लाज वाटते.

असल्या प्रत्येक इंजिनात गव्हर्नर असतो. इंजिनावरचा भार कमी झाला की ते उधळू नये, मर्यादेपलीकडं फिरू नये, म्हणून तो पेट्रोलची झडप आपोआप मिटत आणतो. बाहेरच्या बाजूनं एक बारीक स्प्रिंग त्याला ओढून धरते. या दोघांच्या ओढाताणीत इंजिन ताब्यात राहतं. पण आमच्या काळ्या मातीत लोकांना ताबा नको असतो, जोर पाहिजे असतो. म्हणून आमच्याकडं नवा विडर आला की आधी नारळ फोडतात, हळदीकुंकू लावतात, आणि मग ती स्प्रिंग काढून तिच्या जागी सळया बांधायची तार पिळतात. तार ताणत नाही. गव्हर्नर मुका होतो, आणि वेगाचा दांडा जेवढा ओढाल तेवढं इंजिन पळतं. रानात ते खपून जातं, कारण पात्याला धरून बसलेला चिखलच त्याला आवरतो. मी सोमवार ते शनिवार फळ्यावर चित्र काढून पोरांना सांगतो की गव्हर्नरला हात लावला तर आतला रॉड तुटून कवच फोडून बाहेर येईल. आणि रविवारी लोक विडर घेऊन येतात, "सर, तार मारून द्या," म्हणतात, आणि मी पक्कड घेऊन तार मारून देतो.

त्या दोन नव्या इंजिनांनाही मी रानात नेण्याआधी तार मारली. मुद्दाम ठरवून नाही. खरं सांगतो, विचारच केला नाही. हातानं केलं. काढलेल्या दोन्ही स्प्रिंगा चहाच्या रिकाम्या बशीत ठेवल्या आणि बशी शेडमधल्या फळीवर.

सोमवारी सकाळी दुकानदाराला काळं परत द्यायचं होतं. त्याची स्प्रिंग मी आठवणीनं बसवली. तो उलटसुलट करून बघणार, हे मला माहीत होतं. तेवढ्यात धाराशिवच्या एसटीची वेळ झाली. पिवळं पुसलं, ऑइल काढलं, पोत्यात गुंडाळलं, सुतळीनं शिवलं आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली केलं. सोबत एक वही. तिच्यात तिन्ही इंजिनांची तुलना, गुण-दोष, मापं, शेवटी माझा निकाल. अक्षर जपून काढलं होतं. दुकानदारासाठी स्प्रिंग आठवली आणि पोरीसाठी आठवली नाही, हे मी अजून स्वतःला समजावू शकलेलो नाही.

रात्री तिचा फोन. "पप्पा, काय भारी लिहिलंय! सगळे वाचायलेत. सर म्हणाले, तुझ्या वडिलांना बोलाव एकदा." मी "हं, हं" केलं. मग बायकोला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ऐकलंय की." तरी तिलाही बरं वाटलं होतं.

गाडी पहिल्यांदा चालू करायची होती ती रविवारी.

त्या रविवारी सकाळी मी शेडमध्ये बसलो होतो. बायको चहा घेऊन आली. माझ्यापुढं कप ठेवला आणि फळीकडं बोट दाखवून म्हणाली, "ती बशी मोकळी करून द्या की. आठ दिवस झाले हुडकायले, जोडी मोडली माझी." मी बशी उचलून तळहातावर उलटी केली. त्यातून एक स्प्रिंग पडली.

मी स्प्रिंगकडं बघत राहिलो. लालची स्प्रिंग दोन वर्षांपूर्वीच हरवली. काळ्याची मी स्वतः बसवली. मग ही पिवळ्याची. आणि पिवळं धाराशिवला होतं, तार मारलेलं. तिथं चिखल नव्हता. सपाट सिमेंट होतं, आणि शेजारी माझी मुलगी.

साडेआठ वाजले होते. शेडमधलं घड्याळ समोरच आहे.

तेव्हाच फोन उचलायला पाहिजे होता. तो माझ्या मांडीशी पडलेला होता. पण मी उचलला नाही. मी विचार करत बसलो, सांगायचं कसं? वीस-पंचवीस वर्षं शिकवणारा मी. तिनं बजावून सांगितलं होतं, काही बदलायचं नाही, आणि मी तिला म्हणालो होतो, तू मला शिकवतीस व्हय. आत्ता कुठं दोन वर्षांनी मी तिच्या नजरेत बापासारखा बाप झालो होतो. मनातल्या मनात वाक्यं जुळवली. चाचणीसाठी मुद्दाम एक सेटिंग केली होती, ती पूर्ववत कर. नको, मुद्दाम कसं? सर विचारतील. मग, तार दुकानदाराकडूनच तशी आली असावी. तेही मी मनात म्हणून बघितलं. त्याची आता किळस येते. शिवाय स्वतःची समजूत घातली की हॉस्टेलची पोरं, रविवार, अकराशिवाय कोण उठतंय. चहावर साय धरली. बायको दोनदा येऊन विचारून गेली, "काय झालंय?" मी म्हणालो, "काही न्हाय."

शेवटी साडेनवाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. पाच वेळा. मेसेज लिहायला घेतला आणि अर्धाच सोडला. उठून घरात गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "तुमी अजून हितंच का उभं?" आणि खुंटीवरची मोटारसायकलची किल्ली माझ्या हातात दिली.

येरमाळ्याला हायवेला लागलो आणि खिशात फोन वाजला. मुलीचाच नंबर, पण आवाज तिच्या मैत्रिणीचा. "काका, घाबरू नका. ती ठीक आहे. इंजिन फुटलं. हातावर गरम ऑइल उडालंय. ड्रेसिंग चाललंय." मी गाडी कडेला लावली होती. दुकानांची शटर वर होत होती, एसटी थांबून निघत होत्या. डोळे शाबूत आहेत का, हे विचारायचं होतं, ते तोंडातून निघेना. ती पोरगीच समजून म्हणाली, "तोंडाला काही नाही काका. फक्त हात."

पुढचा सगळा रस्ता मी चाळीसच्या वर गेलो नाही. मला माझ्याच हातांची भीती वाटत होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगी बाकावर बसली होती, पलीकडं तिची मैत्रीण. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पांढरी पट्टी. मला बघून आधी ती हसली. "इतकं लांब कशाला आलात? मम्मी काय म्हणाली?" मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या केसांना जळक्या ऑइलचा वास येत होता. तो वास मी इतकी वर्षं अंगावर वागवला, आणि त्या दिवशी तो मला सहन होईना.

ती सांगत गेली. गाडीची मागची चाकं स्टँडवर उचलली होती. ती सीटवर. आधी हळू चालवलं, छान चाललं. मग पूर्ण पाय दाबला. आवाज चढतच गेला. कुणीतरी "बंद कर, बंद कर" ओरडलं, तेवढ्यात आतला रॉड कवच फोडून बाहेर आला. एक तुकडा तिच्या मागच्या भिंतीत रुतला. हे तिनं कौतुकानं सांगावं तसं सांगितलं, बोटांनी भोकाचं माप दाखवत. मी त्या मापाकडं बघत होतो.

"सगळे म्हणायले, चायनाचा माल," ती म्हणाली. "मी म्हणलं, माल चांगला होता, पप्पांनी तपासलाय. एखाद्या नगात कास्टिंगचा दोष निघतो."

"दोष नव्हता," मी म्हणालो. "तार होती."

"हो, तार बघितली होती मी. एक जण म्हणला, ही कसली तार, काढू का? मी म्हणलं, हात लावू नको. पप्पांनी केलंय म्हणजे काहीतरी कारण असणार."

मी खिशातून स्प्रिंग काढली आणि तिच्या चांगल्या हातावर ठेवली. कारण काहीच नव्हतं, रानासाठी मारली, काढायची विसरलो, असं एका दमात सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ती ऐकत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. मला तर वाटलं ती मला माफच करणार, माणूस चुकतो म्हणून. ती स्प्रिंग बोटांत फिरवत होती. मग तिनं विचारलं, "ही सापडली कधी तुम्हाला?"

खोटं बोलता आलं असतं. तेवढं तरी त्या दिवशी केलं नाही.

"साडेआठला."

तिनं मैत्रिणीकडून फोन मागून घेतला. अंगठ्यानं खाली-वर केलं. "तुमचा पहिला फोन साडेनवाचा आहे."

"व्हय."

"आम्ही सव्वानवाला चालू केलं."

समोरून एक सिस्टर ट्रे घेऊन गेली. मैत्रीण उठून पाण्याच्या टाकीकडं गेली.

"मग तासभर काय करत होता, पप्पा?"

"तुला कसं सांगायचं ते जुळवत होतो."

स्प्रिंग तिनं माझ्या हातात परत दिली, तिच्या हातानं माझी मूठ मिटवली, आणि उठताना म्हणाली, "नुसतं तार काढ म्हणायचं होतं."